अपघातानंतरची तडजोड कोणाच्या सोयीची?

उद्यमबाग, मच्छे या भागांत प्रेसवर कोणाची बोटे गेली, फाउंड्रीत वितळलेले लोखंड पायावर सांडले किंवा शेडचा पत्रा बदलताना कोणी खाली कोसळला, की पुढचे सारे ठरल्यासारखे घडते. मालक रुग्णालयात येतो, बिल भरतो, घरच्यांना धीर देतो. आठ-दहा दिवसांनी गल्लीतील दोन वजनदार माणसे मध्ये पडतात, आणि ती बहुधा आपल्याच संघटनेची असतात. चाळीस-पन्नास हजारांवर बोलणे मिटते, एका कागदावर सही होते आणि ‘प्रकरण सामोपचाराने मिटले’ असे म्हणत मंडळी चहा घेऊन घरी जातात. आपल्या संघटनेने अशा तडजोडी यापुढे करू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. ते काहींना रुचणार नाही, म्हणून कारणेही सविस्तर देतो.

मी वाणिज्य शाखेचा माणूस, बँकेत कारकून. तेव्हा आधी हिशेब.

कामगार नुकसानभरपाईचा १९२३ चा कायदा आपल्याकडे जवळजवळ शंभर वर्षे चालला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली. त्याआधी झालेल्या अपघातांना मात्र जुनाच कायदा लागू आहे. भरपाईचे सूत्र दोन्हीकडे एकच. मृत्यू झाल्यास महिन्याच्या पगाराच्या ५० टक्के आणि कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास ६० टक्के रक्कम घ्यायची आणि तिला वयानुसार ठरलेल्या आकड्याने गुणायचे. तिसाव्या वर्षासाठी हा आकडा २०७.९८ आहे, चाळिसाव्यासाठी १८४.१७. पगार कितीही असला तरी जुन्या कायद्यात जानेवारी २०२० पासून हिशेबासाठी १५,००० रुपयांपर्यंतच धरला जाई.

आता तीस वर्षांचा मुलगा घ्या, पगार १५,०००. पूर्ण अपंगत्वाची भरपाई होते १८,७१,८२० रुपये. एका हाताची दोन बोटे गेली तर कायद्याच्या तक्त्यात २० टक्के नुकसान धरतात, म्हणजे ३,७४,३६४ रुपये. आपण त्याला मिळवून देतो पन्नास हजार, आणि वर म्हणतो, ‘मालक चांगला म्हणून एवढे तरी दिले.’ उरलेले सव्वातीन लाख कोणी सोडले? त्या मुलाने नव्हे. त्याला तो आकडा कोणी सांगितलाच नव्हता.

इथे लगेच उत्तर येते की चूक कामगाराचीच होती, लक्ष नव्हते. कायद्याला एवढे कारण पुरत नाही. काम करताना आणि कामामुळे अपघात झाला असेल तर मालकाची जबाबदारी येते. त्याचा हलगर्जीपणा सिद्ध करावा लागत नाही आणि कामगाराच्या साध्या निष्काळजीपणाने ती टळतही नाही. दारूच्या अमलाखाली असणे, सुरक्षेची आज्ञा मुद्दाम मोडणे, जाणूनबुजून गार्ड काढून ठेवणे एवढेच बचाव आहेत, आणि मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले तर तेही चालत नाहीत. कामगार कंत्राटदाराचा आहे म्हणूनही सुटका नाही. ज्याचे काम चालू होते त्या मूळ मालकाकडून भरपाई मागता येते. त्याने नंतर कंत्राटदाराकडून वसूल करावी.

मग त्या सहीच्या कागदाचे काय? ‘यापुढे माझी काही तक्रार नाही’ असे लिहून घेऊन कामगाराचा हक्क काढून घेता येत नाही. तडजोड करायचीच तर ती आयुक्तांपुढे नोंदवावी लागते, आणि रक्कम अपुरी वाटली तर आयुक्त नोंदणी नाकारू शकतात. मृत्यूच्या बाबतीत भरपाई आयुक्तांकडेच जमा करायची असते. विधवेच्या हातात परस्पर दिलेले पैसे, थोडी आगाऊ रक्कम सोडली तर, भरपाईत धरतच नाहीत.

आपल्या वाचकांत छोटे कारखानदारही बरेच आहेत, त्यांनी पुढचे वाक्य दोनदा वाचावे. १९२३ च्या कायद्यानुसार नोंद न केलेल्या तडजोडीत दिलेल्या पैशांपैकी, आयुक्तांनी वेगळे सांगितले नाही तर, निम्म्याहून अधिक वजावट मालकाला मिळत नाही. म्हणजे दिलेल्या पन्नास हजारांतले पंचवीस हजार कदाचित पाण्यात, आणि पूर्ण भरपाईचा दावा डोक्यावर तसाच. शिवाय महिनाभरात पैसे दिले नाहीत तर १२ टक्के व्याज आणि सबळ कारण नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत दंड. ज्याला आपण मालकाची सोय समजतो ती त्याचीही सोय नाही. त्यापेक्षा ‘डब्ल्यूसी पॉलिसी’ म्हणून विमा मिळतो, तो दरवर्षी उतरवावा आणि दावा आला की विमा कंपनीला कळवावे. मशीनच्या कर्जाचा हप्ता वेळेवर भरणारी माणसे या हप्त्याला का टाळतात, हे मला काउंटरवर बसून कधीच कळलेले नाही.

कामगारांच्या घरच्यांसाठी दोन गोष्टी, दोन्ही कागदाच्या. पहिली रुग्णालयाची. ‘घरी पडलो असे सांग, पोलिसांचे लचांड नको’ असा सल्ला जखमीला वाटेतच दिला जातो. तो ऐकू नये. केसपेपरवर ‘कामावर अपघात’ ही नोंद, वेळ आणि कारखान्याचे नाव पहिल्याच दिवशी यावे. पुढे तोच सर्वांत मोठा पुरावा ठरतो. दुसरी गोष्ट पासबुकाची. बऱ्याच ठिकाणी पंधरा हजारांपैकी दहा खात्यात आणि पाच पाकिटात मिळतात. पीएफ कमी कापला जातो म्हणून घरात सगळे खूष. पण अपघात झाला की कागदावर पगार दहा हजारच दिसतो आणि दोन बोटांची भरपाई ३,७४,३६४ वरून २,४९,५७६ वर येते. सव्वा लाखाचा फरक! पासबुक छापून घ्यायलाही आपली माणसे कंटाळतात, सहा-सहा महिने येत नाहीत. ते जपून ठेवा.

ईएसआयचे थोडक्यात सांगतो. पगार २१,००० पर्यंत असेल आणि पगारातून ०.७५ टक्के ईएसआय कापला जात असेल, तर मालकाकडे वेगळी भरपाई मागता येत नाही. हक्क महामंडळाकडे मागायचा. तिथे उपचार मिळतात, कामावर जाता येत नाही तोवर पगाराच्या सुमारे ९० टक्के दराने पैसे मिळतात आणि कायमचे अपंगत्व आल्यास त्याच्या प्रमाणात दरमहा रक्कम मिळते, तीही आयुष्यभर. एकरकमी पन्नास हजारांपुढे ही दरमहाची रक्कम लहान दिसते. तिशीतल्या माणसाच्या पुढच्या तीस वर्षांची बेरीज करून पाहावी, मग ती लहान दिसत नाही.

आपल्या जुन्या घरांतून अजून एक समज आहे, की हे सगळे ‘लेबर’ लोकांचे. आजोबा शाळामास्तर, वडील रेल्वेत किंवा टपाल खात्यात, तेव्हा कामगार म्हणजे दुसरे कोणीतरी. पण नातू आयटीआय किंवा डिप्लोमा करून कंत्राटावर सीएनसी मशीनपुढे उभा आहे, रात्रपाळी करून पहाटे मोटारसायकलने घरी येतो आहे. त्या वाटेवरचा अपघातही यात येऊ शकतो. धाराशिव, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबाद भागातील साखर कारखान्याचा एक पहारेकरी एप्रिल २००३ मध्ये पहाटेच्या पाळीला मोटारसायकलने जाताना वाटेत अपघातात गेला. आयुक्तांनी २००९ मध्ये भरपाई दिली, उच्च न्यायालयाने २०११ मध्ये ती रद्द केली, आणि जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती परत मिळवून दिली. नव्या संहितेत तर वेळ, ठिकाण आणि परिस्थिती यांचा नोकरीशी संबंध दाखवता आला तर जाता-येतानाचा अपघात कामावरचाच मानावा, असे थेट लिहिले आहे. त्या घराने बावीस वर्षे काढली. त्यांना कोणी पहिल्याच आठवड्यात ‘मिटवून टाका’ म्हटले असेल तर त्यांनी ते ऐकले नाही, एवढेच दिसते.

वकिलाच्या खर्चाचे नाव निघाले की माणसे घाबरतात. विधी सेवा प्राधिकरणाच्या १९८७ च्या कायद्याने औद्योगिक कामगाराला आणि कोणत्याही स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारातच कार्यालय असते, १५१०० हा दूरध्वनीही आहे. खासगी वकील केला तर ‘भरपाईतले इतके टक्के माझे’ असा करार करण्याची त्याला बार कौन्सिलच्या नियमांनी मुभा नाही, हे लक्षात असू द्यावे. नोंदणीकृत कामगार संघटनेचा पदाधिकारीही कामगाराच्या वतीने आयुक्तांपुढे उभा राहू शकतो. एक मर्यादा मात्र कडक आहे: दावा अपघातापासून दोन वर्षांत करायचा. ‘मालक देतो म्हणाला आहे’ यावर विसंबून आपल्याकडे दीड वर्ष सहज जाते.

राहिला भाषेचा मुद्दा, आणि तो आपल्या संघटनेचाच आहे. २०१७ च्या दुरुस्तीने कामावर घेतानाच कामगाराला भरपाईचे हक्क लेखी सांगण्याचे बंधन मालकावर आले. इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत, कामगाराला समजेल असे. बेळगावात याचा अर्थ कन्नड किंवा इंग्रजी कागद, आणि मराठी शाळेत शिकलेला मुलगा त्यावर न वाचता सही करतो. भाषिक अल्पसंख्याक १५ टक्क्यांहून अधिक असतील तिथे महत्त्वाचे नियम आणि सूचना त्यांच्या भाषेत द्याव्यात, हे तर आपण इतकी वर्षे सरकारला ऐकवत आलो आहोत. सातबारा आणि मतदार याद्यांसाठी आपण मोर्चे काढले. भरपाईच्या कागदासाठी एक निवेदनसुद्धा दिल्याचे मला आठवत नाही.

तेव्हा येत्या कार्यकारिणीपुढे ठराव ठेवावा. संघटनेच्या कोणत्याही पदाधिकाऱ्याने अपघाताच्या भरपाईची तोंडी बोलणी करू नयेत. त्याऐवजी दर वॉर्डातून कन्नड वाचता-लिहिता येणारे दोघे तरुण नेमावेत, जे जखमीच्या घरच्यांबरोबर विधी सेवा कार्यालयात जातील आणि तिथल्या कागदाचा अर्थ मराठीत सांगतील. हक्कांचे एक पानी मराठी पत्रक छापून उद्यमबागेतील चहाच्या टपऱ्यांवर ठेवावे. छपाईचा खर्च गणेशोत्सवाच्या शिल्लक वर्गणीतून सहज निघेल. हिशेबाचा तक्ता मी तयार केला आहे. ज्यांच्या घरी असे प्रकरण आहे त्यांनी पासबुक आणि केसपेपर घेऊन रविवारी सकाळी संघटनेच्या कार्यालयात यावे, आकडा काढून देतो.