व्हिस्की मोजून ओता

घरी व्हिस्की ओतताना माप वापरायचं नाही, असा आपल्याकडे रिवाजच पडलाय. बाटली तिरकी होते, समोरचा ‘बस, बस’ म्हणेपर्यंत ग्लास भरतो, उरलेली जागा सोड्याने नाहीतर कोकने भरून काढायची. या अंदाजपंचे कारभाराला माझा विरोध आहे, आणि कडू-गोड कॉकटेल घरी करायला लागल्यापासून तो आणखी पक्का झालाय.

बुलेव्हार्दिएचंच घ्या. अमेरिकेत दारूबंदी होती त्या काळात पॅरिसच्या हॅरीज न्यूयॉर्क बारमध्ये अमेरिकन गिऱ्हाइकांची वर्दळ असे. बारचे मालक हॅरी मॅकेल्होन यांनी १९२७ साली ‘बारफ्लाइज अँड कॉकटेल्स’ हे पुस्तक काढलं. त्यात हे पेय एर्स्किन ग्विन या अमेरिकन माणसाच्या नावावर आहे; तो पॅरिसमध्ये ‘बुलेव्हार्दिए’ नावाचं मासिक चालवायचा. बर्बन व्हिस्की, कॅम्पारी आणि गोड लाल व्हर्मूथ, तिन्ही सारख्या मापाने. बस.

१८६० सालापासून इटलीत बनणाऱ्या कॅम्पारीची कृती आजही गुपित आहे. ती कडू आहेच, पण तिच्यात साखरही भरपूर. व्हर्मूथ म्हणजे वनस्पती मुरवून, वरून मद्यार्क घालून कडक केलेली वाइन. उघडल्यावर बाटली फ्रिजमध्येच ठेवायची. कॅम्पारी जरा जास्त पडली की व्हिस्की लागेनाशी होते, व्हर्मूथ जास्त झालं की नुसता पाक. म्हणून मी मोजते: ३० मिली व्हिस्की, २० मिली कॅम्पारी, २० मिली व्हर्मूथ. मोठ्या बर्फावर अर्धा मिनिट चमच्याने ढवळायचं. शेकर नको, यात रस नाही, मग फेस कशाला? वर संत्र्याच्या सालीचा तुकडा असा पिळायचा की तेलाचे बारीक थेंब तरंगताना दिसले पाहिजेत. बर्बनच हवी असंही नाही. गोव्यात बनणारी पॉल जॉन छान जमते, फक्त धुरकट चवीची घेऊ नका.

भाऊजींनी पहिल्या घोटालाच तोंड वाकडं केलं. “वहिनी, यात थोडं सरबत घाला ना.” मी घातलं नाही. कडव्या वालांच्या बिरड्यात गूळ पडतो तो कडवटपणा मारायला नव्हे, त्याला सोबत करायला. बर्फ विरघळत गेला, भाऊजी गप्पांत रमले. एरवी जेवढ्या वेळात त्यांचा दुसरा पेग संपतो, तेवढ्यात हा ग्लास निम्माच झाला होता.

मात्र वनस्पती आहेत म्हणजे हे पाचक, औषधी, अशी समजूत करून घेऊ नये. हिशेब मांडा. ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीचा ६० मिलीचा लार्ज पेग म्हणजे सुमारे २६ मिली शुद्ध अल्कोहोल. ४५ मिली व्हिस्की आणि बाकी दोन्ही ३०-३० मिली, असा बुलेव्हार्दिए केला, कॅम्पारी २५ आणि व्हर्मूथ १६ टक्क्यांचं धरलं, तर आकडा ३१ मिलीच्या वर जातो. कोकमाच्या सरबतासारखा दिसणारा हा ग्लास लार्ज पेगपेक्षा जड असतो. माझ्या मापाने तो २१ मिलीवर येतो. पाजणाऱ्याला हे ठाऊक असायलाच हवं, कारण पिणाऱ्याला चवीवरून ते कळत नाही.

पाहुणा गाडी घेऊन आला असेल तर त्याच्यापुढे हा २१ मिलीचा ग्लासही ठेवू नये. बाकीच्यांना जेवणाआधी एक, आणि तो संपला की पानं घ्यावीत.