काका, वायर बदलून बघा!

आमच्या दिवाणखान्यातल्या पुढच्या दोन्ही स्पीकरांनी चैत्रात तोंडात पान कोंबलं आणि आषाढ उजाडला तरी ते थुंकायला तयार नव्हते. घराला रंग दिला, टीव्हीभोवती नवं फर्निचर झालं, ज्या दुकानातून होम थिएटर घेतलं होतं तिथला माणूस येऊन सगळं पुन्हा जोडून गेला, आणि त्या संध्याकाळपासून आवाजावर कुणीतरी घोंगडी टाकली. तंबोरा वाजतोय हे कळायचं, पण जवारी गायब. मिरजेचा कारागीर घोडीवर तासन्‌तास घासकाम करतो, तारेखाली बारीक दोरा सरकवून ती झणकार जागी करतो, आणि माझ्या घरात ती तार लोकरीची असल्यासारखी वाजत होती. भजनातला टाळ म्हणजे पाटावर आपटलेला चमचा. तबल्याची चाट म्हणजे उशीवर मारलेली चापटी.

दुकानात फोन केला. चार दिवसांनी तंत्रज्ञ आला. वय पंचविशीचं, खिशात पेनड्राइव्ह. त्याने हेलिकॉप्टर उडवलं, पूल उडवला, एक गोदाम पेटवून दिलं. शोकेसमधल्या कपबशा वाजल्या. "बघा काका, खिडक्या हादरतायत. अजून काय पाहिजे?"

मला तंबोरा पाहिजे होता. पण ते बाजूला ठेवू. मुद्दा असा की ५.१ च्या मांडणीत स्फोटाचा दणका बहुतेक सबवूफर उचलतो आणि पात्रांचे संवाद मुख्यतः मधल्या स्पीकरमधून येतात. पुढचे डावे-उजवे स्पीकर खरे उघडे पडतात ते संगीतात, त्यातही साध्या दोन चॅनेलच्या ध्वनिमुद्रणात. म्हणजे या गृहस्थाने पोटदुखीच्या रुग्णाचा गुडघा ठोकून पाहिला आणि पाय उडाला म्हणून प्रकृती ठणठणीत असल्याचा दाखला दिला. घरातही माझी साक्ष टिकेना. "अहो, मालिकेतलं तर सगळं स्वच्छ ऐकू येतंय," असं बायको म्हणाली, आणि ते खरंच होतं. मालिका मधला स्पीकर बोलत होता.

मग औषधांची यादी सुरू झाली. पहिलं औषध वायर. "काका, वायर बदलून बघा. ऑक्सिजन-फ्री कॉपर. हाय एकदम उघडतो." पुढच्या दोन स्पीकरांच्या वायरीची किंमत अठरा हजार पाचशे, जीएसटी वेगळा. दुसरं औषध भिंतीवर चिकटवायचे फोमचे तुकडे. हे तर विनोदाच्या पलीकडचं होतं, कारण पातळ फोम आधी शोषतो तो वरच्या पट्टीचा आवाज, आणि माझ्या घरात नेमका तोच बेपत्ता होता. ताप उतरलेल्या माणसाला बर्फात ठेवण्यातला प्रकार. तिसरं औषध फुकट होतं. तो मान तिरकी करून म्हणाला, "आणि काका, वयोमानानं पण होतं असं."

हा तोच धंदा आहे, ज्याने नव्वदच्या दशकात टेपरेकॉर्डरवर 'पीएमपीओ'ची सोनेरी चिकटपट्टी लावून आपल्याला हजारो वॅट विकले. भिंतीतल्या प्लगमधून तेवढी वीज ओढली असती तर सोसायटीचा फ्यूज उडाला असता, पण कुणी विचारलं नाही. आता पट्टी गेली, वायर आली. विचारणारा अजूनही आलेला नाही.

वायरीचा हिशेब शाळेतला आहे. दीड चौरस मिलिमीटरची साधी तांब्याची वायर घ्या, जी घराघरात दिव्यांसाठी भिंतीतून फिरते. पाच मीटरवर स्पीकर, म्हणजे जाऊन-येऊन दहा मीटर. तिचा रोध साधारण ०.१२ ओहम. समोर स्पीकर ८ ओहमचा. या दीड टक्क्याने आवाज जेमतेम ०.१३ डेसिबलने उतरतो. कान सोडा, शेजारच्यांच्या कुत्र्यालाही तो फरक कळणार नाही. आणि वायर बारीक असली तरी ती टाळ गिळून मृदंग तेवढा शाबूत ठेवत नाही. तो चोखंदळपणा तांब्याच्या अंगी नाही.

चोखंदळपणा असतो तो स्पीकरच्या पेटीत. बहुतेक स्पीकरांत दोन तोंडं असतात. मोठं ते वूफर, छोटं ते ट्विटर. आतली क्रॉसओव्हर नावाची पट्टी आवाजाची वाटणी करते. साधारण २ ते ३ हजार हर्ट्‌झच्या खालचं वूफरला, वरचं ट्विटरला. आता मराठी घ्या. अ, आ, ओ हे स्वर वूफरच्या वाटणीत आरामात मावतात. स, श, च यांची धार त्याच्या वर, बरीचशी ४ ते ८ हजार हर्ट्‌झच्या पट्ट्यात. जुन्या टेलिफोनमधून ३०० ते ३४०० हर्ट्‌झपर्यंतचाच आवाज जायचा, म्हणून आपण आडनाव सांगताना 'समईतला स, शहामृगातला श' असं ओरडत होतो. ट्विटर मुका झाला की तुमच्या लाखभराच्या संचाचा असा टेलिफोन होतो. आवाज येतो, खर्ज भरपूर येतो, त्यामुळे बिघाड झालाय असं वाटतच नाही. फक्त गाणारा गोधडी ओढून गातो.

वयाचा टोमणा मात्र लागला. मी खरंच ऑडिओमेट्री करून आलो. तिथे २५० ते ८००० हर्ट्‌झपर्यंतच्या शिट्ट्या वाजवून कान तपासतात. वरच्या टोकाला माझा आलेख थोडा उतरतो, साठीच्या माणसाचा उतरायचाच. पण उतार वर्षानुवर्षांचा असतो. तो रंगाऱ्यांनी शिड्या उचलल्या त्या शुक्रवारी संध्याकाळी सुरू होत नाही.

इथे इंटिरियरवाल्या मंडळींचाही सत्कार करायला हवा. त्यांनी माझ्या स्पीकरांसाठी लाकडी कोनाडे केले. मापात इतके चोख की स्पीकर आत सरकवताना बाहेर येणाऱ्या हवेची शीळ ऐकू यावी. समोर उभ्या पट्ट्यांची नक्षी, कारण "ब्लॅक बॉक्स दिसायला नको". मी विचारलं, आवाज अडणार नाही का? उत्तर आलं, "सर, आवाज काय, कुठूनही येतो." येतो, पण सगळा नाही. १०० हर्ट्‌झची लाट साडेतीन मीटर लांब असते, ती नक्षीला वळसा घालून सोफ्यापर्यंत पोहोचते. १० हजार हर्ट्‌झची लाट साडेतीन सेंटिमीटरची असते. ती समोरच्या पट्टीवर डोकं आपटते. शिवाय हा वरचा आवाज बॅटरीच्या झोतासारखा सरळ जातो. ट्विटर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर हवा, तोंड कानाकडे हवं. आपल्याकडे तो टीव्ही युनिटच्या तळाशी, गुडघ्यांना गाणं ऐकवत बसतो. कोनाड्यात खर्ज फुगतो ते वेगळंच, आणि फुगलेला खर्ज उरलासुरला स्पष्टपणा झाकून टाकतो. आणि हे सगळं आपण पैसे मोजून करून घेतो. मीही घेतलं. नक्षीला "छान दिसतंय" म्हणालो ते मीच.

शेवटी एका रविवारी दुकान, डिझायनर आणि वय या तिघांना रजा दिली आणि जमिनीवर पथारी टाकून बसलो.

आधी रिमोटवरून 'डायरेक्ट' लावलं. त्याने रिसीव्हरमधले सगळे सुधारणेचे संस्कार बाजूला पडतात. सिनेमागृहासाठी केलेला आवाज घरात टोचू नये म्हणून वरची पट्टी छाटणारं 'सिनेमा ईक्यू' नावाचं एक बटण असतं, तेही त्यात निकालात निघतं. अनेक घरांतला रोग एवढ्यावरच बरा होतो. माझा उलट बळावला, आवाज आणखी कोंदट झाला. हे विचित्र होतं, पण ते लक्षात ठेवून पुढे गेलो. रिसीव्हरच्या पाठीमागे मागच्या स्पीकरची वायर काढून पुढच्या डाव्याच्या जागी खोचली. तेच गाणं, तोच तंबोरा, आणि तो हातभर उंचीचा मागचा स्पीकर जवारीसकट गायला लागला. म्हणजे गाणं निर्दोष, रिसीव्हर निर्दोष. दहा मिनिटंही झाली नव्हती. मग वर्तमानपत्राची सुरळी केली, एक टोक पुढच्या स्पीकरच्या ट्विटरवर, दुसरं कानाला. आत मसणवटा. उजवीकडे तेच.

दोन ट्विटर एकाच दिवशी मरत नाहीत. मेले तरी त्याला कारण लागतं, एखाद्या लग्नाच्या वरातीइतका आवाज फाडून वाजवलेला असावा लागतो. जुन्या स्पीकरांत क्रॉसओव्हरवरचा कपॅसिटर वाळतो, तेव्हा वरचा आवाज वर्षावर्षाने विझत जातो. तसं असेल तर पुण्यात तपकीर गल्लीत जाऊन त्याच आकड्याचा नवा आणावा आणि सोल्डर मारावा. माझे स्पीकर चार वर्षांचे. आता उरली वायर. अठरा हजारांच्या वायरीला शेवटची संधी द्यावी म्हणून जुन्या टेबलफॅनची वायर कापली आणि ती जोडायला डावा स्पीकर कोनाड्यातून ओढून बाहेर काढला. सुताराच्या कृपेने त्याला अर्धा तास आणि एक नख लागलं.

टेबलफॅनची वायर जोडायची वेळच आली नाही. पाठीमागे दोन नव्हे, चार टर्मिनलं होती. खालची जोडी वूफरची, वरची ट्विटरची. एकाच वायरीवर दोघांना वीज मिळावी म्हणून खालच्या-वरच्या टर्मिनलांना जोडणाऱ्या दोन पितळी पट्ट्या कारखान्यातूनच लावून येतात. त्या नव्हत्या. वायर खालच्या जोडीला पक्की, वरची जोडी उघडी, चकचकीत, अडीच महिने उपाशी. उजव्यालाही तेच. चारही पट्ट्या चपलांच्या कपाटावरच्या खणात सापडल्या, एका पिशवीत, दोन उरलेल्या स्क्रूंबरोबर. पिशवीवर दुकानाच्या माणसाने निळ्या शाईत लिहिलं होतं, 'एक्स्ट्रा'.

पट्ट्या लावल्या आणि टाळ सुईसारखा कानात घुसला. याचंही कारण तोच प्राणी. त्याने जोडणी झाल्यावर स्वयंचलित कॅलिब्रेशन चालवलं होतं, मायक्रोफोन सोफ्याच्या उशीवर झोपवून. यंत्राला वरचा आवाज कमी आढळला, त्याने बिचाऱ्याने प्रामाणिकपणे तो जमेल तेवढा वाढवून ठेवला. मुक्या ट्विटरला ओरड ओरड म्हणत होतं ते. म्हणूनच 'डायरेक्ट' लावल्यावर आवाज आणखी कोंदटला होता. मायक्रोफोन कॅमेऱ्याच्या तिकाटण्यावर, बसल्या माणसाच्या कानाच्या उंचीला धरून, सोफ्याच्या पाठीपासून जरा पुढे ठेवला आणि सगळं पुन्हा मोजलं. नक्षीच्या पट्ट्या सुताराकडून उखडल्या. तो म्हणाला, "साहेब, शो जाईल." गेला.

सोमवारी दुकानात फोन करून सांगितलं. पलीकडून क्षणभर शांतता, मग आवाज आला, "मग काका, आता वायर टाकायची ना?" त्यांचं कोटेशन माझ्याकडे अजून आहे. अठरा हजार पाचशे अधिक जीएसटी, खाली शिक्का, आणि शिक्क्याखाली बारीक अक्षरात लिहिलंय, वैधता पंधरा दिवस.