लिलीवरील अळी आणि दयेचा हिशेब

पाऊस सुरू झाला की कोपरगावच्या अंगणांतील लिलीला नवी पाने फुटतात आणि त्यांच्यामागोमाग अळ्याही येतात. काळ्या अंगावर पांढरे-तांबडे ठिपके असलेली ही अळी लिली-पतंगाची. नागदवणा व कळलावी हेही तिचे खाद्य.

अनेक घरांत या अळ्या सुपलीत भरून कुंपणापलीकडे सोडल्या जातात. हेतू दयेचा, परंतु ही अळी गवत किंवा ऊस खात नाही, तेथे ती उपाशी मरते. कडुनिंबाचा अर्क वनस्पतिजन्य असला तरी निर्दोष नव्हे; त्यामुळे अळीला कात टाकता येत नाही व ती मरते.

म्हणून उपाय आधीच योजावा. मादी पानांवर अंडी घालते. पावसाच्या प्रारंभीच कुंड्यांवर बारीक जाळी बांधावी, पाने जाळीला टेकू देऊ नयेत. तरीही अळी आलीच, तर तिला पानासह उचलून कोपऱ्यात राखलेल्या नागदवण्यावर ठेवावे. कोश मातीत होतो, त्यामुळे तेथील माती उकरू नये.

पाने गेली तरी लिलीचा कंद बहुधा टिकतो व पुन्हा फुटतो. धान्याच्या व्यवहारात घट गृहीत धरणाऱ्या कुटुंबांना चार पानांची घट जड वाटू नये.