फुटबॉलमागे धावणाऱ्या पोराच्या आई-बापांना

आधी टीव्हीवर आणि आता मोबाइलवर फुटबॉल पाहून आपल्या वस्त्यांतली पोरे दहा नंबरचा बनियन घालून फिरू लागली, त्याला बरीच वर्षे झाली. मैदान म्हणजे पीक निघालेले रान आणि गोल म्हणजे दोन दगड. त्यातला एखादा पोरगा खरोखरच चपळ निघतो. घरी येऊन म्हणतो, "मला यातच पोट भरायचंय." बाप म्हणतो, "चेंडूनं कुणाचं पोट भरलंय?" दोघांचेही म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. आम्ही कारकुनी करणारी माणसे, आम्हाला जमाखर्चाची वही जवळची. तेव्हा वहीच उघडू.

जमेच्या बाजूला पहिले नाव कोल्हापूरच्या अनिकेत जाधवचे. वडील रिक्षाचालक. पोरगा लहान वयातच पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला, २०१७ साली भारतात झालेल्या १७ वर्षांखालील विश्वचषकात देशाकडून खेळला, पुढे जमशेदपूर, हैदराबाद अशा व्यावसायिक संघांत गेला आणि भारताच्या वरिष्ठ संघातही उतरला. मात्र कोल्हापूरची गोष्ट वेगळी, हे विसरू नये. तिथे तालमीतालमींचे फुटबॉल संघ आहेत, शाहू स्टेडियमवर सामने पाहायला गाव लोटते. धाराशिवच्या पोराला हे वातावरण आयते मिळत नाही. २०१७ सालीच राज्यभर शाळांना फुटबॉल वाटून एकाच दिवशी खेळ घेतला होता. त्यातले किती चेंडू नंतर शाळेच्या कपाटात कुलूपबंद झाले, हे ज्याने त्याने आपल्या गावात विचारावे.

अनिकेतच्या वाटेतली क्रीडा प्रबोधिनी मात्र आपल्यालाही खुली आहे. राज्य शासनाची ही निवासी व्यवस्था. निवड झाली तर राहणे, जेवण, शिक्षण आणि प्रशिक्षण सरकारी खर्चाने. लहान वयाची मुले घेतात. पळणे, उडी, चेंडूफेक, लवचिकता अशा चाचण्या होतात. म्हणजे आपले पोर आठ-दहा वर्षांचे असतानाच जागे व्हायला हवे. दहावी झाल्यावर विचारायला गेलात तर बहुतेकांना उशीर झालेला असतो.

आमच्या दृष्टीने या निवासाला फार मोल आहे, त्याचे कारण कोयता. कळंब, वाशी, भूम, परंडा भागातली कितीतरी कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघतात. शाळांच्या स्पर्धा साधारण पावसाळ्यापासून हिवाळ्यापर्यंत चालतात. तालुक्याला चमकलेला पोरगा पुढच्या फेरीच्या वेळी फडात वाढे गोळा करत असेल तर निवडणारा तरी काय करणार? आजीजवळ ठेवा, हंगामी वसतिगृह असेल तर तिथे ठेवा, पण ज्याला खेळायचे आहे त्याला त्या महिन्यांत गावातच राहू द्या. दोन हात कमी पडतात, उचल फिटायची असते, हे आम्ही जाणतो. तरीही सांगतो.

शालेय फुटबॉलमध्ये सुब्रतो कप ही मोठी स्पर्धा, १९६० पासून चालू असलेली. जिल्हा, विभाग, राज्य आणि मग दिल्ली. १७ वर्षांखालील मुलींचा गटही आहे. मुलींनो, हे वाक्य घरात मोठ्याने वाचा. शाळेने नाव नोंदवले नाही तर पोराचा मार्गच खुंटतो, म्हणून जूनमध्येच क्रीडा शिक्षकांना भेटून संघ पाठवणार का ते विचारावे. एकट्या आईने गेल्यास टोलवाटोलवी होते. चार पालकांनी मिळून जावे.

आता खर्चाची बाजू. वरच्या पातळीवरचा पगारही कायम धरून चालू नका. पुण्याचा एफसी पुणे सिटी हा संघ २०१९ साली बंद पडला. २०२५ च्या जुलैत तर इंडियन सुपर लीगचा पुढचा हंगामच स्थगित झाला, आणि बंगळुरूसारख्या क्लबने खेळाडूंचे पगार थांबवले. ही देशातल्या सर्वांत मोठ्या स्पर्धेची गत. म्हणून शाळा सोडून फुटबॉल, हा सौदा आम्हाला मुळीच मान्य नाही. शाळेत राहून खेळले तर ठरावीक पातळीच्या कामगिरीला दहावी-बारावीला सवलतीचे गुण मिळतात. राज्य सरकारच्या नोकरीत पात्र खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. त्यासाठी प्रमाणपत्राची पडताळणी होते. खेळ नाही फळला तरी कागद फळतो, पण तो कागद खऱ्या मैदानावरचा हवा. विकतची प्रमाणपत्रे घेतलेल्यांच्या नोकऱ्या गेल्या आहेत.

हे नुसते बोलणे नाही, उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे, फक्त खेळ खो-खो. सारिका काळे तेराव्या वर्षी मैदानात आली. आई शिवणकाम करायची, कित्येक वर्षे एकवेळच्या जेवणावर तिने खेळ केला. घरच्या ओढाताणीने खेळ सोडायची वेळ आली तेव्हा प्रशिक्षक चंद्रजित जाधव यांनी तिला परत उभे केले. २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत भारताला सुवर्ण मिळाले तेव्हा ती कर्णधार होती. २०२० साली अर्जुन पुरस्कार मिळाला तेव्हा ती तुळजापूरला क्रीडा अधिकारी होती. २०२५ च्या पहिल्या खो-खो विश्वचषकात जिंकलेल्या संघातही धाराशिवची अश्विनी शिंदे होती. फुटबॉलचे वेड असलेल्या पोराने आठवड्यातून दोन दिवस या खो-खोवाल्यांत पळावे, असे आमचे मत. अचानक वळणे, झेप, दम, हे सगळे तिथे फुकट मिळते.

बाकी सराव समाजमंदिराच्या भिंतीवरही होतो. रोज अर्धा तास चेंडू भिंतीवर मारून परत येताच पायात थांबवायचा. आधी उजवा पाय, मग डावा; डाव्याला जास्त वेळ. खाण्याला ज्वारीची भाकरी, डाळ, शेंगदाणे, फुटाणे, जमेल तेव्हा अंडे. डब्यातली महागडी पावडर नको. बूट मात्र मापाचे घ्या. "वाढत्या पायाला येतील" म्हणून मोठे घेतलेले बूट घोटा मुरगळतात.

एक धोका आवर्जून सांगतो. "पोराची निवड झाली, अमुक हजार भरा" असा फोन येतो. पैसे भरू नका. आधी अकादमीला अखिल भारतीय फुटबॉल महासंघाची मान्यता आहे का, ते पाहा. मुलाची नोंदणी महासंघाच्या यादीत कोणाच्या नावे होते, तेही विचारा. फोन करणारा तिथेच गडबडतो.

आणि जन्मतारीख! आपल्याकडे निम्मी शाळा १ जूनला जन्मलेली. फुटबॉलमध्ये मनगटाचा एक्स-रे काढून वय तपासतात. तेव्हा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, शाळेची नोंद आणि आधार या तिन्हींवर एकच तारीख आहे का, ते याच आठवड्यात पाहा. फरक असेल तर दुरुस्तीला महिने लागतात. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाताना या तिन्हींच्या दोन-दोन झेरॉक्स न्याव्यात. अर्ज पोराने स्वतःच्या हाताने लिहावा, आई-बापाने खाली सही करावी आणि पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नये.