टोन येतोय का?

ऑफिसात एसी बंद पडला की लोक कुरकुरतात, नेट गेलं की चहाला जातात. पण रिसेप्शनचा फोन मुका झाला की थेट साहेबांचा पारा चढतो! मग शोधाशोध सुरू होते फोनवाल्याची. तो येतो, जिन्याखालचा बॉक्स उघडतो, दोन वायरी खोचतो आणि ओरडून विचारतो, ‘बघा, टोन येतोय का?’ टोन येतो, साहेब शांत. आपल्याला वाटतं, हात्तिच्या, एवढंच काम?

एवढंच नाही, बॉस! ऑफिसची टेलिफोन सिस्टीम सांभाळणारा टेक्निशियन आज अर्धा वायरमन आणि अर्धा नेटवर्कवाला असावा लागतो. गंमत म्हणजे, बाजारात दोन्ही अर्धे वेगवेगळे भरपूर मिळतात. जुन्या काकांना वायर पाठ, पण आयपी अॅड्रेस म्हटलं की घाम फुटतो. नव्या पोरांना नेटवर्क येतं, पण पक्कड हातात धरवत नाही. ज्याला दोन्ही जमतं, त्याची नोकरी पक्की.

आधी वायर

ईपीएबीएक्स म्हणजे बाहेरच्या मोजक्या लाइन्स आतल्या ढीगभर एक्स्टेन्शनना वाटून देणारं खोकं. हॉटेलं, हॉस्पिटलं, कारखाने इथे अॅनालॉग एक्स्टेन्शन्स अजून नांदतायत. सगळ्या मजल्यांच्या वायरी एमडीएफ नावाच्या बॉक्सात येतात आणि तिथे रंग ओळखता आले पाहिजेत. पंचवीस जोड्यांच्या केबलला पांढरा, लाल, काळा, पिवळा, जांभळा हे पाच मुख्य रंग. निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी हे त्यांचे पाच जोडीदार. पाच पंचे पंचवीस! लाल-हिरवा म्हटलं की ‘आठवी जोडी’ हे उत्तर झोपेतही यायला हवं.

मल्टिमीटरही वाचता यायला हवा. रिसीव्हर ठेवलेला असताना अॅनालॉग लाइनवर साधारण ४८ व्होल्ट डीसी असतो, उचलला की तो धाडकन खाली येतो. बेल वाजताना मात्र लाइनवर ७५ ते ९० व्होल्टच्या आसपास एसी येतो. वायर बोटांत असताना नेमका कुणाचा तरी कॉल आला, तर तो आयुष्यभर लक्षात राहतो!

मग नेटवर्क

आयपी फोन आला आणि खेळ बदलला. आता आवाजाचे तुकडे होऊन ते लॅनवरून धावतात. एका कॉलचा आवाज जी ७११ या कोडेकमध्ये ६४ केबीपीएस. त्यावर पॅकेटचं वेष्टन चढलं की एका दिशेला ८० ते ९०. हे फार नाही. पण ईमेल दोन सेकंद उशिरा आला तर कुणाला कळत नाही, आवाजाला मात्र एका बाजूला १५० मिलिसेकंदांपेक्षा जास्त उशीर झाला की दोघं एकमेकांच्या बोलण्यावर बोलायला लागतात. म्हणून व्हीलॅन करून आवाजाची वाट वेगळी करणं आणि क्यूओएस लावून त्याला आधी सोडणं, हे यायलाच हवं. पूर्वी एका पीआरआय लाइनवर एका वेळी ३० कॉल चालायचे, हा हिशोब सोपा होता. एसआयपी ट्रंकवर किती कॉल मावतील, हे बँडविड्थ बघून तुम्हालाच सांगावं लागतं.

इंटरव्ह्यूतली गुगली

‘बेल वाजते, कॉल उचलला जातो, पण आवाज एकाच बाजूने येतो. काय बघाल?’ घाईत उत्तर येतं, ‘फोन बदलतो.’ हँडसेट तपासायला हरकत नाही, एका मिनिटाचं काम आहे. पण आयपी फोनवर बेल वाजली याचा अर्थ कॉल जोडणारं सिग्नलिंग धड आहे. आवाज आरटीपीच्या वेगळ्या पोर्टवरून जातो. तेव्हा नजर जायला हवी फायरवॉल आणि नॅटकडे. चांगला टेक्निशियन निम्मी सिस्टीम आधी निर्दोष ठरवतो आणि उरलेल्या निम्म्यातच शोधतो.

जाहिरातीत ‘दोन वर्षं अनुभव’ मागतात तो यासाठीच. शनिवारी जुनी सिस्टीम उतरवून सोमवारी सकाळी नऊला नवी चालू केलीय का? हात लावण्याआधी बॅकअप घेता का? प्रत्येक वायरला लेबल लावता का? तुम्ही रजेवर असताना ऑफिस त्या लेबलांच्या जिवावर चालतं.

आणि पासवर्ड! कारखान्यातून आलेला डिफॉल्ट पासवर्ड तसाच ठेवला, तर वीकेंडला कुणीतरी तुमच्या लाइनवरून परदेशात गप्पा मारतं आणि बिल कंपनीच्या नावावर येतं. कायदाही माहीत हवा. नोव्हेंबर २०२० मध्ये दूरसंचार विभागाने बीपीओंसाठीचे नियम बरेच सैल केले, पण इंटरनेटवरून आलेला परदेशी कॉल परस्पर इथल्या लोकल लाइनवर उतरवणं, म्हणजे टोल बायपास, आजही बेकायदा आहे. ‘साहेबांनी सांगितलं म्हणून केलं’ हे उत्तर चालत नाही.

सुरुवात कुठून?

दहावीनंतर आयटीआयचा दोन वर्षांचा इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक ट्रेड किंवा पॉलिटेक्निकमधला ईअँडटीसी डिप्लोमा. त्यावर सीसीएनए केलं तर नेटवर्कची बाजू भक्कम होते. एक कडू गोष्टही ऐकून ठेवा. बऱ्याच कंपन्या फोन क्लाउडवर नेतायत, खोकंच जातंय. फक्त खोकं बसवणाऱ्याचं काम त्याबरोबर कमी होणार. पण क्लाउडवरच्या फोनलाही शेवटी स्विच, केबल आणि नेटवर्क लागतंच.

या रविवारी एक करा. घरातला जुना पीसी काढा, त्यावर अॅस्टेरिस्क टाका. १९९९ पासूनचं हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. मोबाइलवर सॉफ्टफोन घ्या, दोन एक्स्टेन्शन्स बनवा, कॉल लावा. लागला? आता मित्राला सांगा, मला न सांगता एक सेटिंग बिघडव. मग घड्याळ लावून शोधत बसा. आणि काय सापडलं, ते वहीत लिहून ठेवा. ही वही घेऊन इंटरव्ह्यूला गेलात, तर फ्रेशर असूनही तुमच्याकडे सांगायला अनुभव असेल.