'नंतर सांगा हं, आई!'

आमच्या सासूबाई भाकरी थापता थापता बोलायच्या. हात पिठात आणि तोंड सुरू. "जासईला गोलीबार झाला ना गो, तवा आमी बाया..." इथपर्यंत गाडी आली की माझी लोकलची वेळ झालेली असायची. "नंतर सांगा हं, आई!" म्हणत मी डबा उचलायची आणि पनवेल स्टेशनकडे पळायची. दोन वर्षांपूर्वी आई गेल्या. 'तवा आमी बाया' याच्या पुढचं वाक्य आता आमच्या घरात कुणालाच ठाऊक नाही.

मैत्रिणींनो, पनवेल-उरणकडच्या घरांना वेगळं सांगायला नको. १९७० साली सिडको आली, नवी मुंबईसाठी जमिनी गेल्या. योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला आपली माणसं रस्त्यावर उतरली. गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले. पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचं तत्त्व आलं, ते या लढ्यातूनच. दरवर्षी जानेवारीत अभिवादन होतं, भाषणं होतात. ती व्हायलाच हवीत. पण मी आजवर ऐकलेल्या भाषणांत बायका येतात त्या एकाच शब्दात, 'महिलाही मोठ्या संख्येने उपस्थित होत्या.' संपलं! त्या कोण होत्या, कडेवरचं पोर कुणाकडे ठेवून आल्या होत्या, हे कोण सांगणार?

हे सगळं डोक्यात घोळायला लागलं ते एका माहितीपटामुळे. आनंद पटवर्धन यांचा 'वसुधैव कुटुंबकम्'. २०२३ साली तो टोरांटोच्या महोत्सवात पहिल्यांदा दाखवला गेला. विषय स्वातंत्र्यलढ्याचा, पण बराचसा उलगडतो तो घरातल्या गप्पांमधून. अहमदनगरचे (आताचं अहिल्यानगर) रावसाहेब आणि अच्युतराव पटवर्धन हे त्यांचे काका. अच्युतराव तर बेचाळीसच्या चळवळीतले भूमिगत पुढारी. त्यांची नावं इतिहासाच्या पुस्तकांत आहेतच. पण सिनेमा लक्षात राहतो तो आनंद यांच्या आई-वडिलांमुळे. आई निर्मला या मूळच्या सिंधमधल्या, शांतिनिकेतनात शिकलेल्या आणि मातीच्या भांड्यांच्या कामात नाव मिळवलेल्या. वडील बाळू. दोघं एकमेकांची थट्टा करतात, म्हातारपणाला हसतात आणि बोलता बोलता फाळणीपर्यंत जाऊन पोचतात.

गंमत म्हणजे, हे चित्रीकरण सुरू झालं तेव्हा सिनेमा करायचा असं काही ठरलेलंच नव्हतं. आई-वडील थकत चालले होते, म्हणून मुलाने कॅमेरा लावला. ते दोघं गेल्यानंतर कितीतरी वर्षांनी त्यातून दीड तासाची फिल्म उभी राहिली. मुलाने 'नंतर सांग' म्हटलं असतं तर?

'स्वतंत्र माहितीपट' हा शब्द ऐकायला छान वाटतो. पण स्वतंत्र म्हणजे पाठीशी बडा निर्माता नाही. वेळ आपला, जबाबदारी आपली आणि पुष्कळदा पैसाही आपलाच. पटवर्धन अनेकदा कॅमेरा आणि संकलन स्वतःच करतात. घाटकोपरच्या रमाबाई नगरात ११ जुलै १९९७ ला गोळीबार झाला आणि दहा माणसं गेली. त्यानंतर त्यांनी सुरू केलेला 'जय भीम कॉम्रेड' पुरा व्हायला चौदा वर्षं लागली. चौदा वर्षं! तेवढ्यात आपल्याकडे पाळण्यातलं पोर नववीत जातं.

पण माझं म्हणणं असं की, अशा फिल्मच्या मागे उभी असलेली माणसं म्हणजे फक्त कॅमेरावाला नव्हे. जी बाई समोर बसून मनातलं सांगते, तीही ती फिल्म घडवतच असते. सांगली जिल्ह्यातल्या हौसाताई पाटील आठवा. क्रांतिसिंह नाना पाटलांची ही लेक. पी. साईनाथ यांच्या 'पारी' या ग्रामीण संग्रहासाठी त्या नव्वदीच्या पुढे असताना बोलल्या. भवानीनगरच्या पोलीस ठाण्यासमोर त्यांनी मारहाणीचं नाटक केलं होतं. पोलीस भांडण सोडवायला बाहेर आले आणि तेवढ्यात साथीदारांनी आतल्या बंदुका पळवल्या! सप्टेंबर २०२१ मध्ये हौसाताई गेल्या. कुणी वेळेवर जाऊन बसलं, म्हणून त्यांचा आवाज मागे राहिला.

त्याआधी आपल्या उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी हेच केलं. आंबेडकरी चळवळीतल्या बायकांना शोधत दोघी फिरल्या, त्यांच्या मुलाखती घेतल्या. त्यातून 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक १९८९ साली आलं. मोठी संस्था येईल, मग कुणीतरी नोंद करेल, अशी वाट या दोघी बघत बसल्या नाहीत.

आणि आपण? हातात चोवीस तास फोन. त्यात बारशाचे, हळदीचे, केक कापायचे तासन् तास व्हिडिओ. पण ज्या आजीने जमीन जाताना पाहिली, तिचा एकही नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं. त्यासाठी उलवे, चिंचपाडा, कोपर, कोल्हीसारखी गावं उठली. तिथल्या अंगणाची, विहिरीची आठवण ज्यांना आहे, त्या बायका आज सत्तर-ऐंशीच्या घरात आहेत. त्यांच्यापाशी किती वेळ उरलाय?

करायचं फार नाही. पंखा आणि टीव्ही बंद करायचा. फोन कशाला तरी टेकवून ठेवायचा. 'आंदोलनाबद्दल सांगा' असं विचारलं की बायका गप्प होतात. 'त्या दिवशी घरात काय रांधलं होतं?' असं विचारायचं. नाव, गाव, तारीख लिहून ठेवायची, दोन ठिकाणी जपायचं. आणि त्यांनी होकार दिल्याशिवाय कुठल्याही ग्रुपवर टाकायचं नाही, हे मात्र नक्की!

गेल्या रविवारी मी सासूबाईंच्या धाकट्या बहिणीकडे गेले. मावशींनी पहिली पंधरा मिनिटं मासळीच्या भावावर घालवली. मग म्हणाल्या, "त्या दिशी आमच्या घरान चूल पेटलीच नाय." आणि गप्प झाल्या. आता थांबावं म्हणून मी फोनकडे हात नेला.

"बंद नको करू गो," मावशी म्हणाल्या, "आजून सांगायचा हाय."