न भाजलेल्याचे कौतुक

दिवाळी तोंडावर आली की आमच्याकडे दोन जातींचे उपदेशक जागे होतात. पहिल्या जातीचे सांगतात, चकल्या-करंज्या सोडा आणि ओटची संत्र्याची बिस्किटे करा. त्यांना भट्टी नको, भाजणे नको, पंधरा मिनिटांत ताट भरते, शिवाय प्रकृतीला हितकर. दुसऱ्या जातीचे सांगतात, असली परदेशी थेरे घरात शिरली की फराळ गेला आणि फराळाबरोबर संस्कृतीही गेली. मला या दोघांशीही भांडायचे आहे. पैकी दुसऱ्यांशी भांडण लवकर आटपण्याजोगे आहे, म्हणून ते आधी उरकते.

या संस्कृतिरक्षकांनी एकदा खानदेशातल्या भरिताच्या ताटावर बसून पाहावे. वांगे आपले खरे. पण त्यात पडणारी हिरवी मिरची आणि वर घातलेले शेंगदाणे अमेरिका खंडातून समुद्र ओलांडून आलेले आहेत. मिरची आणि भुईमूग वगळून खानदेशी स्वयंपाक करून दाखवा, मी मुकाट्याने तुमच्या बाजूला येऊन बसते. संत्र्याच्या सालीला नाक मुरडणारे हेच गृहस्थ नरकचतुर्दशीच्या पहाटे त्याच सालीची पूड घातलेले उटणे अंगाला चोळून घेतात. अंगाला लावली की ती मंगल आणि बिस्किटात पडली की विदेशी, हा न्याय कोणत्या स्मृतीतला?

आणि ज्या ‘घरच्या’ फराळाच्या नावाने हे गहिवरतात तो तरी सगळा घरात कुठे होत होता? धुळ्याला, जळगावला दिवाळीच्या आधी बायका मैदा, साखर आणि तूप डब्यात भरून बेकरीच्या भट्टीवर नेत, पाळीसाठी ताटकळत आणि बिस्किटे-नानकटाईने भरलेला पत्र्याचा डबा डोक्यावर घेऊन परतत. घरी भट्टी नव्हतीच. आमच्या चुलीवर तवा चढे, कढई चढे, खापर चढे. पण चारी बाजूंनी बंद अशा उष्णतेत भाजण्याची सोय आमच्या स्वयंपाकघरात नव्हती. लाह्या-फुटाण्यांचेही तेच. ते काम भडभुंज्याचे. तापलेल्या वाळूच्या कढईत त्याने दाणे टाकायचे, झारा फिरवायचा, चाळायचे, आणि गरम पुडी हातात ठेवायची. बाईने सगळा जाळ स्वतःच्या डोळ्यांसमोर पेटता ठेवावा, अशी अपेक्षा आमच्या आजीनेही केली नव्हती. तेव्हा चार रात्री कढईपुढे बसायचा उपदेश ज्यांना करायचा असेल त्यांनी आधी स्वतः एक रात्र बसून दाखवावे. इतके पुरे.

आता पहिल्या जातीकडे वळते. हे लोक शिकलेले आहेत, गोड बोलतात, आणि त्यांचे अर्धे म्हणणे खरे आहे. म्हणूनच त्यांच्याशी जरा सावकाश बोलले पाहिजे.

‘न भाजता’ हा त्यांचा महामंत्र. मला विचारायचे आहे, कोणी न भाजता? ओटचा दाणा, ज्याला उत्तरेत जई म्हणतात, तो शेतातून थेट पुडक्यात उतरत नाही. या दाण्यात इतर धान्यांच्या मानाने स्निग्धांश पुष्कळ. बाजरीचे पीठ आठ-दहा दिवसांत कडवट का होते, हे ज्या घरात बाजरी खाल्ली जाते तिथे सांगावे लागत नाही. ओटची खोड त्याहून मोठी. म्हणून कारखान्यात त्याचे टरफल काढतात, मग त्याला वाफ देतात, भट्टीत सुकवतात, आणि तो ऊन व मऊ असतानाच लोखंडी रुळांखालून काढून चपटा करतात. दुकानातले ओट्स म्हणजे हे वाफवलेले, सुकवलेले, चेपलेले पोहे. जाळ झालेला आहे. फक्त तुमच्या घरापासून फार दूर झालेला आहे. आपल्याकडे येणारा ओट बव्हंशी ऑस्ट्रेलियातून येतो.

दाणा आधीच शिजलेला आहे म्हणूनच ही बिस्किटे न भाजता खाता येतात. ही गोष्ट कोणी सांगत नाही, आणि ती न सांगणे धोक्याचे आहे. उद्या एखादी भाबडी सून ओटच्या जागी कच्चे पीठ घालून ‘न भाजता’ वड्या थापील आणि लहान मुलाच्या हातावर ठेवील. कच्च्या पिठातून जंतू पोटात जाऊन माणसे आजारी पडल्याचे प्रकरण अमेरिकेत २०१६ साली चांगलेच गाजले होते. आमच्याकडे रव्याबेसनाचा लाडू खरपूस वास सुटेपर्यंत भाजल्याशिवाय कोणी वळत नाही, ते केवळ चवीसाठी नाही.

बरे, पुढची कृती काय? साखर आणि लोणी पातेल्यात उकळायचे, त्यात ओट आणि संत्र्याची किसलेली साल ढवळायची, आणि चमच्याचमच्याने कागदावर टाकून निवू द्यायचे. म्हणजे पाक! पाकात भाजलेले धान्य घालून त्याला आकार द्यायचा, याला मराठीत लाडू किंवा वडी म्हणतात. आमच्या शेजारच्या आजींना मी त्यातले एक खायला दिले. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिले, चावले आणि म्हणाल्या, ‘‘हाई ते लाडूच शे ना माय! दाबी टाका तुम्ही.’’ दाबून टाकलेला लाडू! मला तरी याहून नेमकी व्याख्या सुचत नाही.

हितकारकतेचा मुद्दा मात्र हसण्यावारी नेण्याजोगा नाही. ओटमध्ये बीटा-ग्लुकन नावाचा चिकट तंतू असतो आणि तो रक्तातले कोलेस्टेरॉल उतरवायला मदत करतो, हे खरे आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९७ साली ओटच्या पुडक्यावर तसे छापायला परवानगी दिली. परंतु त्यासाठी दिवसाला तीन ग्रॅम बीटा-ग्लुकन पोटात जावे लागते, आणि तेवढे मिळायला सुमारे पाऊणशे ग्रॅम ओट लागतात. आता हिशेब करा. दोन वाट्या ओट आणि एक वाटी साखर घेतली तर वीसेक बिस्किटे होतात. एकेका बिस्किटात आठ ग्रॅम ओट आणि नऊ ग्रॅम साखर. औषधाची मात्रा पुरी व्हायला रोज नऊ बिस्किटे खा, आणि त्यांबरोबर सोळा चहाचे चमचे साखरही खा! ज्याला ओटचे हित हवे आहे त्याने ओटची पेज प्यावी. बिस्किट हे खाऊ आहे. खाऊला खाऊ म्हणायला लाजायचे कारण नाही.

पण माझे खरे भांडण यापुढेच आहे. मुंबई-आग्रा रस्त्यावरच्या आमच्या सोनगीरच्या दुकानांत आज ओटचे पुडके मिळते. मिळो बापडे. त्याच दुकानात ज्वारीचे पोहे मागा. दुकानदार तुमच्या तोंडाकडे पाहत राहतो. ज्वारी म्हणजे भाकर, एवढेच त्याला ठाऊक. आणि ही अवस्था कुठे, तर तापीच्या खोऱ्यात, जिथल्या काळ्या कसदार जमिनीत दादर पिकते. मूग-उडीद निघाल्यावर पेरायची, नुसत्या ओलीवर आणि थंडीवर वाढायची, मोत्यासारखा दाणा द्यायचा आणि वर जनावरांना कडबा द्यायचा, असे हे पीक. त्याच्या जमिनीवर कापूस आणि मका पसरत गेले. शेतकऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. भाकरीपलीकडे ज्याला गिऱ्हाईक नाही आणि ज्याची भाकरीही ताटातून कमी होत चालली, ते धान्य तो कोणासाठी पेरणार?

गंमत अशी की ओटही आमच्या मुलखाला अगदीच परका नाही. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने ‘फुले हरिता’ नावाचा ओटचा वाण काढला आहे, तो हिरव्या चाऱ्यासाठी. म्हणजे शेतकरी ओट पेरतो तो गायीसाठी, आणि त्याची बायको दुकानातून ओट आणते तो मुलांसाठी, दादरीच्या कितीतरी अधिक भावाने! इंग्रज कोशकार जॉन्सन याने १७५५ साली ओटची थट्टा केली होती, की इंग्लंडात हे घोड्याचे खाद्य आणि स्कॉटलंडात माणसांचे. आम्ही दोन्ही देश एकाच वाड्यात आणून बसवले आहेत.

‘पण ज्वारीचे असे काही होत नाही,’ असे मला पाककृतीच्या वर्गात एका बाईंनी ऐकवले. होत नाही म्हणजे काय? हैदराबादच्या भारतीय भरडधान्य संशोधन संस्थेने ज्वारीचे पोहे, रवा, शेवया करण्याची पद्धत बसवून दिलेली आहे. भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष भरडधान्यांचे म्हणून पाळले. भाषणे झाली, फलक लागले, आणि फलक उतरल्यावर दुकानाच्या फळीवर ओटच उरला. शिवाय लाह्या तर कोणी शोधून काढायच्या बाकी नाहीत. तापलेल्या वाळूत ज्वारीच्या दाण्यातल्या पाण्याची वाफ होते, दाणा फुटतो आणि आतले पिठूळ शिजून फुलते. कारखाना ओटला जी वाफ देतो, तीच वाफ ही. आपल्या दाण्याने ती स्वतःच्या पोटात केलेली.

म्हणून मी ही बिस्किटे करते ती लाह्यांची. कृती लिहून ठेवते, म्हणजे नुसते तोंड वाजवले असे कोणी म्हणायला नको. चार वाट्या ज्वारीच्या लाह्या निवडून, कढईत कुरकुरीत करून जाडसर भरडाव्या. दोनेक वाट्या होतात. एक वाटी भाजलेल्या शेंगदाण्यांचे कूट. मोसंबी किंवा कागदी लिंबू कोमट पाण्यात चोळून धुवावे आणि किसणीच्या बारीक बाजूवर वरची रंगीत साल तेवढी किसावी. सुवास त्या सालीतल्या तेलाच्या बारीक पिशव्यांत असतो. खालचा पांढरा भाग आला की कडवटपणा आलाच. नागपुरी संत्र्याची साल सैल आणि पातळ, ती किसणीवर फाटते. ती सोलून, आतला पांढरा भाग सुरीने खरवडून बारीक चिरलेली बरी. पाऊण वाटी गूळ, दोन चमचे तूप, चमचाभर पाणी यांचा पाक करावा. पाण्यात थेंब टाकल्यावर मऊ गोळी झाली की कढई उतरवावी, मग साल घालावी, मग कूट, मग लाह्या. चमच्याने तूप लावलेल्या ताटात टाकून वाटीच्या बुडाने दाबावे.

रसाचा मोह टाळावा. पाक उकळताना लिंबाचा रस पडला तर आंबटपणाने साखर फुटते आणि पाक चिकटच राहतो, धरत नाही. हलवाई हीच युक्ती पाक दाणेदार होऊ नये म्हणून मुद्दाम करतात. संत्र्याचा रस घातला तर त्यातल्या पाण्याने लाह्या मऊ पडतात. अर्धा चमचा लिंबाचा रस, तोही कढई उतरवल्यावर, एवढीच मुभा.

आणि कढईविषयी सोनगीरकराने न बोलून कसे चालेल? तांब्यापितळेच्या भांड्यांसाठी हे गाव खानदेशात नावाजलेले. जाड बुडाची पितळी कढई पाकाला उत्तम, कारण ती सर्वत्र सारखी तापते. मात्र उतरवल्यावरही ती बराच वेळ पाक शिजवीत राहते, तेव्हा किंचित आधीच उतरवावी. कल्हई गेलेल्या पितळेत आंबट घालू नये, कळकते. आज घरोघरी पितळी भांडी माळ्यावर आहेत आणि त्यांना शेवटची कल्हई कधी झाली हे कोणाला आठवत नाही. अशा वेळी ॲल्युमिनियमही नको, स्टीलचे जाड पातेले घ्यावे.

या सगळ्याला अर्धा तास लागतो. लाह्या तयार मिळाल्या तर. आणि घोडे तिथेच अडते. लाह्या नागपंचमीच्या सुमाराला मिळतात, दिवाळीला शोधत हिंडावे लागते. जाळ घरातून बाहेर गेला याचे मला दुःख नाही; तो भडभुंज्याकडे होता तेव्हाही बाहेरच होता. तो गावातून गेला, आणि त्याच्याबरोबर दाण्याचे मोल आणि मजुरीचे पैसेही गेले, हे माझे दुखणे आहे. बचत गटाच्या बायका तेच ते पापड-लोणचे करून एकमेकींना विकतात. त्यांच्या हाती लाह्या फोडण्याचे आणि पोहे चेपण्याचे एक यंत्र द्या, दादर सोनगीरच्या शिवारातून घ्या, आणि पुडक्यावर हवे तर इंग्रजी नाव छापा. मी तक्रार करणार नाही.

पाककृतीचा तो वर्ग दिवाळीनंतर पुन्हा भरणार आहे, असे ऐकते. बाईंना मी निरोप धाडला आहे: ओट तुम्ही आणा, लाह्या मी आणते, आणि पाक एकाच पातेल्यात करू. कोणत्या ताटात काय आहे हे चाखणाऱ्यांना सांगायचे नाही, एवढी एकच अट मी घातली आहे. अजून उत्तर आलेले नाही.